वजन आणि पाणी : नाशिकच्या हिऱ्याच्या निमित्ताने

रत्नागिरीच्या नावात रत्न आहे, पण इथला डोंगर खणला तर निघतो जांभा. तांबडा, छिद्राछिद्रांचा दगड. त्यावर पडलेले ऊन तिथेच जिरते. खरी रत्ने या गावाने पाहिली ती एका परक्या राजाच्या हातात. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवले. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि राजा वारला १९१६ मध्ये. मधल्या काळात बरोबर आणलेली रत्ने एकेक करून विकत त्याने आपला इतमाम सांभाळला. त्या रत्नांत मान होता माणकांचा. माणकाची किंमत त्याच्या रंगात असते. रंग दगडातच असतो, तो कोणी घडवावा लागत नाही. हिऱ्याचे तसे नाही, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

मी व्यवसायाने चष्मेवाला. तीस वर्षे काचा घासल्या, त्यांचे कोन आणि जाड्या मोजल्या. प्रकाशशास्त्र शिकलो ते त्यानंतर, इथल्या जिल्हा नगर वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवरून आणि कागद, पट्टी, कोनमापक घेऊन. दुकानात भिंग असल्यामुळे लोक अंगठ्या, कुड्या, चमक्या घेऊन येतात आणि एकच प्रश्न विचारतात : हिरा खरा आहे ना? इतक्या वर्षांत एकानेही विचारले नाही, की हिरा नीट कापला आहे ना? खरेपणाची चौकशी करायलाच हवी. पण खरा हिराही मिणमिणता असू शकतो, आणि तसे पुष्कळ विकले जातात. नाकातल्या ज्या दागिन्याला आपण ‘चमकी’ म्हणतो, त्यातला खडा चमकतो की नाही हे घेताना आपण क्वचितच पारखतो. आपण विचारतो, केवढ्याचा आणि किती वजनाचा.

वजन आणि चमक यांचे हे भांडण जुने आहे. ते समजून घ्यायला महाराष्ट्राशी नाव जोडलेल्या एका हिऱ्याची हकिकत पुरेशी आहे.

त्र्यंबकेश्वरचा हिरा

इंग्रजी ग्रंथांत हा हिरा ‘नासक’ म्हणून ओळखला जातो. नासक म्हणजे नाशिक. दगड मूळचा गोवळकोंडा प्रदेशातल्या खाणींचा. तो त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानात होता अशी परंपरा आहे. पेशवाईच्या अखेरीस तो दुसऱ्या बाजीरावाकडे होता, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दख्खनच्या लुटीबरोबर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. कंपनीने तो लंडनला पाठवला आणि रंडेल अँड ब्रिज या सराफी पेढीने तो विकत घेतला.

लंडनला पोचला तेव्हा त्याचे वजन त्या वेळच्या कॅरटमध्ये ८९.७५ भरले. आकार साधारण त्रिकोणी, घडण हिंदुस्थानी. म्हणजे दगड जसा सापडला तसाच जवळजवळ ठेवून वरून पैलू दिलेले. हिरा मोठा आणि स्वच्छ, पण लंडनच्या सराफांच्या नजरेला निस्तेज. पेढीने त्रिकोणी आकार कायम ठेवून त्याला नव्याने पैलू पाडले आणि वजन ७८.६२५ कॅरटवर आले. सुमारे १२ टक्के दगड गेला. १८३७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो घेतला. त्याच्या घराण्यात तो तलवारीच्या मुठीतही बसवला गेला.

पुढे हिरा पॅरिसला गेला आणि १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याच्या हाती आला. त्याने तो पुन्हा कापला. या वेळी त्रिकोणही गेला. उरला तो ४३.३८ कॅरटचा, पाचूला देतात तसा पायऱ्यापायऱ्यांचा चौकोनी घाट असलेला निर्दोष हिरा. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो ५ लाख डॉलरला गेला.

जुना कॅरट आजच्या २०० मिलिग्रॅमच्या कॅरटपेक्षा किंचित जड होता. तो फरक धरला तर त्र्यंबकेश्वरहून निघालेल्या दगडाचा निम्म्याहून कमी भाग आज शिल्लक आहे. बाकीचा तुकडे आणि भुकटी होऊन गेला. मालकांनी डोळे उघडे ठेवून, खर्च करून वजन घालवले. कशासाठी? प्रकाशासाठी.

कापावा की राखावा?

आपल्याकडच्या कारागिरांना पैलू पाडता येत नव्हते असा याचा अर्थ नाही. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींवर हिंडलेला फ्रेंच व्यापारी टाव्हर्निये याने इथल्या हिरे घासणाऱ्यांचे काम बारकाईने पाहिले होते. दगड निर्मळ असेल तर ते त्याला फक्त चाकावर उजळत, घाट बदलत नसत. दगडात डाग किंवा चीर असेल तर मात्र त्यावर पुष्कळ छोटे पैलू पाडत, म्हणजे दोष लपे. आपल्याकडे जास्त पैलू ही चांगल्या हिऱ्याची खूण नव्हती; उलट संशयाची जागा होती.

यामागे एक विचार होता. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्याच्या परीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. रत्नपरीक्षेच्या आपल्या परंपरेत मान होता तो निसर्गाने घडवलेल्या स्फटिकाला : सहा टोके, आठ बाजू, धारदार कडा. असा दगड कापणे म्हणजे त्याला इजा करणे. शिवाय हिरा ही राजाची ठेव. ठेवीचे मोल वजनावर ठरत असल्याने ते कमी करणारा कारागीर गुन्हेगारच ठरे. औरंगजेबाच्या खजिन्यात पाहिलेल्या प्रचंड हिऱ्याविषयी टाव्हर्निये सांगतो, की बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने तो घासताना वजन फार घालवले, तेव्हा मजुरी तर राहिलीच, बादशहाने त्यालाच १० हजार रुपये दंड केला.

युरोपात विचार उलट दिशेने वाढला. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात कोहिनूर मांडला तेव्हा लोक रांगा लावून आले आणि नाराज होऊन गेले. गॅसचे दिवे लावून पाहिले तरी तो म्हणावा तसा झळकेना. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमहून कारागीर बोलावून, वाफेच्या यंत्रावर ३८ दिवस घासून त्याचे वजन १८६ कॅरटवरून १०५.६ कॅरटपर्यंत आणले गेले. चाळीस टक्क्यांहून अधिक दगड गेला.

या दोन दृष्टींत एक अडाणी आणि दुसरी शहाणी असे मी मानत नाही. एकीला हिरा जपायचा होता, दुसरीला तो झळकवायचा होता. पण आज पेढीवर जाताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो. हवी असते चमक, आणि पैसे मोजतो वजनाचे.

आत गेलेला प्रकाश

चमक येते कुठून, हे आता पाहू.

विहिरीत बुडी मारून वर पाहिलेल्यांना ठाऊक असेल : सगळे आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेले दिसते. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो, त्यात विहिरीचा तळ दिसतो. पाण्यातून हवेत जाणारा प्रकाश पृष्ठभागाच्या लंबाशी सुमारे ४८.६ अंशांपेक्षा अधिक तिरपा असेल तर तो बाहेर पडूच शकत नाही, संपूर्ण आत परततो. यालाच शाळेच्या पुस्तकात पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात, आणि त्या सीमेच्या कोनाला क्रांतिक कोन. साध्या काचेचा हा कोन सुमारे ४२ अंश. हिऱ्याचा २४.४.

हिऱ्याची सगळी करामत या आकड्यात आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, म्हणजे प्रकाश त्याच्यात हवेच्या तुलनेत अडीचपटीच्या जवळपास मंद चालतो आणि आत शिरताना जोरात वळतो. बाहेर पडण्याची खिडकी मात्र फार अरुंद. आत शिरलेल्या किरणाला बहुतेक ठिकाणी आरसाच भेटतो. याखेरीज पृष्ठभागावर सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे १७ टक्के प्रकाश हिरा आत न घेताच परत फेकतो; चष्म्याची साधी काच ४ टक्के फेकते. तेवढ्याने माझी गिऱ्हाइके कुरकुरतात आणि आम्ही काचेवर प्रतिबिंब मारणारा थर देतो. चष्म्याच्या काचेने प्रकाश पलीकडे जाऊ द्यावा म्हणून आम्ही झटतो. हिरे घासणारा तो पलीकडे जाऊ नये म्हणून झटतो. धंदा एकाच शास्त्राचा, दिशा उलट्या.

पण आरसे असून भागत नाही, ते योग्य कोनात लागतात. खाणीतून निघालेला आठ बाजूंचा निर्मळ स्फटिक घ्या. त्याच्या समोरासमोरच्या बाजू एकमेकींना समांतर असतात. एका बाजूने शिरलेला किरण समोरच्या बाजूवर पोचला की खिडकीच्या तावदानातून जावा तसा निघून जातो. म्हणून अस्सल, निर्दोष स्फटिकही कापण्याआधी जेमतेम तुरटीच्या खड्यासारखा दिसतो.

आता आजचा गोल ‘ब्रिलियंट’ घाट घ्या. वरचा सपाट माथा म्हणजे टेबल, त्याभोवतीचा उतार म्हणजे क्राउन, मधली कड गर्डल आणि खालचा निमुळता भाग पॅव्हेलियन. एकूण ५७ पैलू, तळाचे टोक सपाट केले तर ५८. बेल्जियमच्या हिरे घासणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्हस्की याने १९१९ मध्ये ‘डायमंड डिझाइन’ या पुस्तकात गणित मांडून कोन सुचवले : पॅव्हेलियनचा ४०.७५ अंश, क्राउनचा ३४.५ अंश, आणि टेबलाची रुंदी हिऱ्याच्या व्यासाच्या ५३ टक्के. शंभर वर्षांत यात थोडाफार बदल सुचवला गेला, पाया तोच राहिला.

४०.७५ च का? मी कागदावर रेषा काढून पाहिल्या. टेबलातून सरळ खाली आलेला किरण पॅव्हेलियनच्या एका बाजूवर आपटतो, तिथून समोरच्या बाजूवर जातो, आणि तिथून वर वळतो. दोन्ही वेळा तो क्रांतिक कोनापेक्षा तिरपा पडतो, म्हणून गळत नाही. वर येताना तो उभ्या रेषेशी १७ अंश कललेला असतो, टेबलाच्या अरुंद खिडकीत बसतो, आणि बाहेर पडताना वळून ४५ अंशांनी जातो. प्रकाशाची वाट उलटही तीच असते. म्हणजे आपण हिऱ्याकडे सरळ वरून पाहतो तेव्हा आपल्याला त्यात दिसतो तो खांद्याच्या बाजूने, तिरपा आलेला प्रकाश.

हाच कोन बरोबर ४५ अंश केला तर किरण आला तसाच सरळ वर परत जाईल. गळणार काहीच नाही. पण पाहणाऱ्याला हिऱ्यात काय दिसेल? स्वतःच्याच डोक्याची सावली. फार खोल कापलेल्या हिऱ्याच्या मध्यभागी खिळ्याच्या माथ्यासारखा काळा ठिपका दिसतो, त्यामागे हेच कारण असते. उलट फार उथळ कापलेल्या हिऱ्यात टेबलाच्या आत गर्डलचे करडे कडे दिसते, माशाच्या डोळ्यासारखे. दोन-तीन अंशांचा खेळ, पण हिरा जिवंत की मेलेला हे त्यावर ठरते.

हे कोन आणायला हिराच लागतो. हिऱ्याची भुकटी तेलात कालवून फिरत्या तबकडीवर लावतात आणि तिच्यावर दगड टेकवून एकेक पैलू घासतात. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना आज पैलू पडतात ते सुरतेत, आणि त्यांचा मोठा व्यापार चालतो मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये. सुरतेच्या कारागिराला टोल्कोव्हस्कीचे कोन ठाऊक नसतात असे नाही. पण ते गाठायला वजन सोडावे लागते. एक कॅरटच्या हिऱ्याचा कॅरटमागचा भाव ०.९५ कॅरटच्या हिऱ्यापेक्षा चांगलाच चढा असतो. मग दगड काठावरचा असला की तळ थोडा खोल ठेवतात, गर्डल जाड ठेवतात, आणि काटा एकवर नेतात. औरंगजेबाचा दंड आजही चालू आहे, फक्त तो बाजारभावाने होतो.

तीन चमका

‘चमक’ या एका शब्दात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. पारखताना त्या वेगळ्या कराव्यात.

पहिले तेज : हिऱ्यातून परत येणारा पांढरा प्रकाश. दुसरे रंग : हिऱ्यात जांभळा किरण तांबड्यापेक्षा थोडा अधिक वळतो, त्याला अपस्करण म्हणतात, आणि त्यामुळे लाल, निळ्या, हिरव्या ठिणग्या उडतात. तिसरी लुकलुक : हिरा, दिवा किंवा आपण हललो की पैलू एकाआड एक पेटतात आणि विझतात. लुकलुकीला काळोखाचीही गरज असते. सगळेच पैलू एकदम उजळले तर हिरा चुन्याच्या ठिपक्यासारखा दिसेल. शेजारचा पैलू काळा असतो म्हणून पेटलेला डोळ्यात भरतो.

यातले काय दिसेल हे दिव्यावर ठरते. ट्यूबलाइट किंवा ढगाळ आकाश चहूकडून प्रकाश देते. त्यात तेज दिसते, पण वेगवेगळे रंग पुन्हा एकमेकांत मिसळून पांढरे होतात. समई, पणती, मेणबत्ती यांची ज्योत म्हणजे प्रकाशाचा एक बिंदू. तिथून आलेल्या किरणाचे रंग सुटे सुटे डोळ्यांपर्यंत पोचतात. सराफाच्या दुकानात छताला शंभर बारीक, प्रखर दिवे असतात ते एवढ्यासाठीच. शंभर ज्योतींखाली सुमार कापलेला हिराही नाचतो. घरी आल्यावर तोच ट्यूबखाली गप्प बसतो आणि घेणाऱ्याला वाटते, आपल्याला हिरा बदलून दिला.

मावशीच्या कुड्या

जुन्या दागिन्यांचे गणित निराळे. माझ्या मावशीकडे तिच्या सासूच्या हिऱ्याच्या कुड्या होत्या. मधे एक आणि भोवती सहा, अशा सात खड्यांच्या. खडे काळवंडलेले. मोडायला नेल्या तेव्हा एका पेढीने सांगितले, हिऱ्यांत दम नाही, सोन्याचे तेवढे पैसे देऊ. मावशीला ते पटत होते. मी भिंगाखाली पाहिल्या. खडे पातळ, खालून सपाट, वर मोजके पैलू. कोंदण मागून पूर्ण बंद.

खालून सपाट खड्यात प्रकाश परतवणारा उतारच नसतो. वरून आलेला किरण सरळ तळाशी जाऊन बाहेर पडतो. हे जुन्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. म्हणून ते खड्याखाली चकचकीत केलेला चांदीचा पातळ वर्ख घालत आणि कोंदण बंद करत. हिऱ्याने न केलेले आरशाचे काम वर्ख करी. दगड कमीत कमी कापायचा आणि प्रकाश वर्खाने परतवायचा, अशी ती तोड होती. वजनही राहिले, तेजही आले. मावशीच्या कुड्यांत बिघडले होते ते एवढेच : वर्षानुवर्षे पाणी आणि तेल मागे शिरून वर्ख काळा पडला होता. जुन्या पद्धतीचे काम करणाऱ्या सोनाराने कोंदण उघडून नवा वर्ख घातला. दिवाणखान्यात ट्यूब लावून पाहिल्या तेव्हा कुड्या ठीकठाक दिसल्या. रात्री वीज गेली, मेणबत्ती लावली, तेव्हा मावशी काही बोलली नाही. आरशासमोरून उठली मात्र नाही. त्या कुड्या पुढे तिच्या नातीने लग्नात घातल्या.

ज्यांच्याकडे असे बंद कोंदणाचे जुने दागिने आहेत त्यांना सांगणे : ते पाण्यात बुडवून धुऊ नका, कोरड्या मऊ कापडाने पुसा. आणि मोडण्याआधी मागची बाजू पाहा. निस्तेज झालेला वर्ख आणि निस्तेज हिरा यांत फरक असतो.

घ्यायचा असेल तर

आता नवा हिरा घेणाऱ्यांसाठी. मी जवाहिरे नाही. प्रकाश कसा चालतो एवढ्या आधारावर सांगतो.

पेढीवर गेल्यावर खडा छताच्या दिव्यांखालून बाजूला न्या. दारापाशी, उन्हात नव्हे तर सावलीत धरा, मग ट्यूबखाली. तिथेही मध्यापासून कडेपर्यंत उजळ दिसला तर कोन बरे आहेत. मधोमध आरपार बोट दिसत असेल, काळा ठिपका किंवा करडे कडे दिसत असेल, तर किंमत कितीही खाली आली तरी सोडा. मग खडा हळूच डोलवा. उजेड-काळोखाचे तुकडे लहान, रेखीव आणि सर्व बाजूंनी सारखे हवेत. शेवटी मोबाइलचा दिवा थोडा लांब धरून रंगांच्या ठिणग्या पाहा. दोन-तीन खडे शेजारी ठेवून पाहिले तर न शिकलेल्या डोळ्यालाही फरक कळतो.

प्रमाणपत्र वाचताना नजर आधी कॅरटवर जाते. ती कटवर न्या. अमेरिकेची जीआयए ही संस्था गोल हिऱ्यांना २००६ पासून कटची श्रेणी देते, आणि ‘एक्सलंट’ ही त्यातली सर्वांत वरची. पण ती पायरीही रुंद आहे. तिच्या आतले आकडे पाहावेत : पॅव्हेलियनचा कोन ४१ च्या आगेमागे, क्राउनचा ३४-३५, टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.५ टक्के. मग व्यास पाहा. नीट कापलेल्या एक कॅरट गोल हिऱ्याचा व्यास ६.४ ते ६.५ मिलिमीटर भरतो. तो ६.१ असेल तर उरलेले वजन तळाशी किंवा गर्डलमध्ये दडले आहे. त्याचे पैसे तुम्ही द्याल, पण ते दिसणार कधीच नाही. ०.९० कॅरटचा उत्तम कापलेला हिरा या एक कॅरटपेक्षा मोठा आणि उजळ दिसू शकतो, आणि स्वस्तही मिळतो. लंबगोल, चौकोनी, बदामी घाटांत आकड्यांचा आधार कमी, डोळ्यांवर भिस्त जास्त.

रंग आणि निर्मळपणा यांच्या श्रेणी कटनंतर. भिंगाखालीच दिसेल असा बारीक ठिपका चमकेला धक्का लावत नाही. धुक्यासारखा पसरलेला दोष मात्र लावतो. रंगहीन आणि जवळजवळ रंगहीन यांतला फरक अंगठीत बसवल्यावर बहुतेकांना कळत नाही. त्या फरकाचे पैसे कटवर घालावेत.

खऱ्या-खोट्याविषयीही दोन शब्द. अमेरिकन डायमंड म्हणून मिळणारे झिरकोनिया हिऱ्याच्या दीडपटीहून जड असते. मॉइसनाइटचे अपस्करण हिऱ्याच्या दुपटीहून अधिक, म्हणून त्यात रंगांचा अतिरेक होतो. शिवाय भिंगातून तिरपे पाहिले तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. जास्त रंग म्हणजे जास्त अस्सल, ही समजूत इथे फसवते. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र हिराच असतो. अपवर्तनांक तोच, कोन तेच, चमक तीच. तो आणि खाणीतला हिरा यांची किंमत निराळी आणि पुन्हा विकतानाचा भावही निराळा, म्हणून कोणता घेतो आहोत हे पावतीवर लिहून घ्यावे. प्रकाशाला त्यांची जन्मकथा ठाऊक नसते.

आणि घेतल्यावर तो स्वच्छ ठेवावा. हिऱ्याला तेलकटपणाची ओढ असते. खाणीवर चुऱ्यातून हिरे वेगळे काढायला वंगण फासलेली फळी वापरत, इतर दगड पाण्याबरोबर वाहून जात आणि हिरे चिकटून राहत. तीच ओढ आपल्या बोटावरही असते. नारळाचे तेल, साबणाचा थर, कणकेचा हात, सगळे खड्याच्या पाठीला जाऊन बसते. पाठीला हवेऐवजी तेल लागले की क्रांतिक कोन २४ वरून ३७ अंशांच्या आसपास जातो आणि जो प्रकाश परतायचा तो मागून गळतो. लाखाचा हिरा खोबरेल तेलाच्या पापुद्र्याने हरतो. मागून उघड्या कोंदणातली अंगठी महिन्यातून एकदा कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी मागच्या बाजूने धुतली तरी पुरे.

उरलेला प्रश्न

या हिशेबाने नाशिकच्या हिऱ्याचे भलेच झाले असे म्हणावे लागेल, आणि चष्मेवाला म्हणून मी तसे म्हणतोही. पण माझे समाधान होत नाही. कोन सुधारताना दगडाबरोबर आणखी काहीतरी घासले गेले. १८१८ पूर्वीच्या त्या त्रिकोणी हिऱ्यावर कोणा अनाम कारागिराच्या हाताचे पैलू होते, आणि कापण्याऐवजी राखणे पसंत करणाऱ्या समाजाची नजर होती. गाभाऱ्यात समईच्या ज्योतीपुढे तो कसा दिसत असेल, हे आता कोणालाच पाहता येणार नाही. उद्या तो हिरा त्र्यंबकेश्वरला परत आला, तरी येईल तो १९४० सालचा अमेरिकन घाट. लंडनच्या आणि विन्स्टनच्या चाकांवर भुकटी झालेला भाग कोणत्याही वाटाघाटीत परत मिळायचा नाही.

म्हणून नवा हिरा घेताना मी वजनाविरुद्ध प्रकाशाच्या बाजूने बोलेन, आणि जुना कोणी कापायला काढला तर हात धरीन. नव्या दगडाला अजून काही घडलेले नसते. त्याला उत्तम कोन मिळावा हा त्याचा हक्क आहे. जुन्यावर कोणाचा तरी हात फिरलेला असतो. तो मिटवण्याआधी एक करावे. यंदा लक्ष्मीपूजनाला घरातले विजेचे दिवे पाच मिनिटे मालवून, आजीच्या कुड्या किंवा चमकी पणतीसमोर धरून पाहावी. ती ज्या प्रकाशासाठी घडवली गेली, तो तिला बहुधा कित्येक वर्षांत मिळालेला नाही.